सतारीच्या बोलांत बसलेले वृत्त

केशवसुतांची (१८६६–१९०५) ‘सतारीचे बोल’ ही कविता अनेकांना शाळेपासून ठाऊक असते. काळोख्या रात्री खिन्न मनाने भटकणाऱ्या माणसाच्या कानावर एका खिडकीतून सतारीचे सूर पडतात. आधी त्याला संताप येतो, मग मन विरघळते, शेवटी शांत होते. मराठीतल्या रोमँटिक वळणाची ही ठळक कविता. पण तिचे संगीत नुसते विषयात नाही, मात्रांच्या हिशेबातही आहे.

वृत्त पादाकुलक. ओळीला सोळा मात्रा, आठ-आठच्या दोन भागांत. ऱ्हस्व अक्षर लघु, त्याची एक मात्रा. दीर्घ अक्षर गुरू, त्याच्या दोन. म्हणजे दोन लघूंना एका गुरूइतकाच वेळ लागतो.

आता सतारीकडे वळू. नखीचा एक आघात म्हणजे ‘दा’. तेवढ्याच वेळात झपकन दोन आघात केले की ‘दिड’. आजचे वादक त्याला ‘दिर’ म्हणतात. वादकाचा हिशेब आणि छंदाचा हिशेब इथे तंतोतंत जुळतो. ‘दिड’ म्हणजे दोन लघू, ‘दा’ म्हणजे एक गुरू; दोन्ही मिळून चार मात्रा. ही जोडी तीनदा आली की बारा मात्रा भरतात. कडव्याच्या शेवटच्या ओळीत ती तशीच येते, ‘दिड दा, दिड दा, दिड दा’; म्हणून तिथे कवीच्या शब्दांना फक्त चार मात्रा उरतात. बाकीची ओळ सतारीची.

यमकाची रचनाही तितकीच विचारपूर्वक केलेली आहे. कडवे आठ ओळींचे, यमक दोन-दोन ओळींना. पहिल्या सहा ओळींत शब्दाला शब्द जुळतो. सातवी ओळ मात्र ‘दा’ने संपणाऱ्या शब्दावर थांबते: ‘तदा’, ‘वदा’. तिचे यमक पुरे करते ती सतार. माणसाच्या बोलण्याला वाद्य उत्तर देते, आणि एकदा हे कानात बसले की सातव्या ओळीलाच आपण सतारीची वाट पाहू लागतो.

कविता मोठ्याने, मात्रा मोजत वाचावी. मूठ आवळायला लावणारे बोल आणि झोपेतही सोबत करणारे बोल, अक्षरे तीच, मात्राही त्याच. बदलतो तो ऐकणारा. हा बदल जाणवतो, कारण वृत्त जागचे हलत नाही. म्हणूनच वृत्त हा कवितेवर चढवलेला दागिना नव्हे. इथे तर अर्थच त्याच्यावर उभा आहे.