विश्वामित्रीच्या काठची कमाटीबाग

बडोद्यास येणारा प्रवासी प्रथम लक्ष्मीविलास राजवाड्याची वाट विचारतो. राजवाडा प्रेक्षणीय आहे यात शंका नाही. परंतु तो राजकुलासाठी बांधलेला. प्रजेसाठी काय केले हे पाहावयाचे असेल, तर काळ्या घोड्याच्या पुतळ्याजवळून सयाजी उद्यानात, म्हणजेच कमाटीबागेत, शिरावे.

ही बाग १८७९ साली विश्वामित्री नदीच्या काठी उभी राहिली. त्या वेळी कवळाण्याहून दत्तक आलेले सयाजीराव महाराज अवघे सोळा वर्षांचे होते व राज्यकारभार दिवाण सर टी. माधवराव पाहत होते. शंभर एकरांहून मोठ्या ह्या भूमीवर वृक्षराजी आहे, प्राणिसंग्रहालय आहे, आणि मुख्य म्हणजे एक उत्तम वस्तुसंग्रहालय आहे. त्याची इमारत १८९४ साली पूर्ण झाली. शेजारच्या चित्रशाळेची इमारत १९१४ साली तयार झाली. पण महायुद्धामुळे युरोपातील चित्रे येण्यास विलंब लागला आणि ती १९२१ साली खुली झाली. येथे इजिप्तची ममी आहे, देवमाशाचा प्रचंड सांगाडा आहे, आणि अकोटा येथे सापडलेल्या प्राचीन जैन धातुमूर्तीही आहेत. अकोटा हा बडोद्याचाच एक भाग. दूरदेशीचे व घरचे असे दोन्ही धन एकाच छपराखाली पाहावयास मिळते. करमणुकीस आलेल्या माणसाने चार गोष्टी शिकून जाव्यात, हाच त्यामागील हेतू.

तथापि बागेतून फिरताना नदीकडे पाठ करू नये. विश्वामित्री पावागडच्या डोंगरांतून येते. शहराला पाणी पुरविण्यासाठी सयाजीरावांच्या काळीच बांधलेल्या आजवा तलावाचे जादा पाणीही तिलाच मिळते. तिच्या पात्रात मगरींची वस्ती आहे. भर शहरातील नदीत मगरी राहतात, असे दृश्य विरळाच. काठच्या घळी व सखल जागा ही पुराचे पाणी सामावून घेणारी नैसर्गिक कोठारे होत. तेथे भराव घालून घरे बांधली म्हणजे पाण्याला थारा उरत नाही आणि ते वस्तीत शिरते. ऑगस्ट २०२४ मध्ये बडोदेकरांनी हा अनुभव फार कष्टाने घेतला. हिरवळीवर पाणी चढले तर ओसरल्यावर गाळ काढून ती पुन्हा फुलविता येते. घरात चढलेले पाणी मात्र संसार धुऊन नेते.

म्हणून नदीकाठची मोकळी जमीन ही रिकामी जमीन नव्हे. बाग म्हणजे केवळ मुलांच्या खेळाची व वृद्धांच्या विसाव्याची जागा नसून शहराच्या सुरक्षिततेची ती एक ठेव आहे. ज्यांनी ती राखली त्यांचे उपकार मानावेत, आणि आपल्या गावी अशी जागा उरली असेल तर ती बुजविली जाण्यापूर्वीच तिची चौकशी करावी. सहलीहून परतताना एवढा विचार बरोबर नेला, तरी बडोद्याची फेरी सार्थकी लागली असे म्हणता येईल.