ऐंशी हजार मजूर, कचेरी शून्य

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला वीसेक वर्षं ज्याच्या कामांवर सरासरी ऐंशी हजार माणसं राबत होती, त्या रेल्वे कंत्राटदार थॉमस ब्रॅसीकडे स्वतःची कचेरी नव्हती. कारकून नव्हते, खतावण्यांची कपाटं नव्हती. एक खाजगी नोकर आणि पुढच्या काळात हिशेबापुरता एक रोखपाल, एवढाच काय तो लवाजमा. चार खंडांतल्या कामांचे दर, मुदती, माणसांची नावं बहुतेक सगळी डोक्यात. पत्रं तो स्वतःच्या हाताने लिहायचा. एकदा बरोबरची मंडळी झोपायला गेल्यावर तो लिहायला बसला आणि सकाळी टेबलावर ३१ पत्रांचा गठ्ठा तयार होता.

ऐंशी हजार म्हणजे किती, हे आपल्याकडच्या एका कामावरून कळेल. मुंबई-पुणे रेल्वेचा बोरघाट चढवताना १८६१ साली, काम ऐन भरात असताना, तिथे ४२ हजारांवर मजूर होते. घाटातले २५ बोगदे त्यांनी फोडले. ते काम ब्रॅसीचं नव्हतं. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इथे येताच दगावला आणि त्याची बायको अॅलिस हिने कंत्राट हाती घेऊन तडीस नेलं. तर बोरघाटाच्या गर्दीच्या जवळपास दुप्पट माणसं ब्रॅसी वर्षानुवर्षं सांभाळत होता, आणि तीही एका घाटात नव्हे, तर वेगवेगळ्या देशांत विखुरलेली.

ब्रॅसी १८७० साली वारला तेव्हा जगातल्या रेल्वेच्या दर वीस मैलांतला एक मैल त्याने, एकट्याने किंवा भागीदारीत, बांधलेला होता असा हिशेब मांडला जातो. त्या वेळी जगभरात सुमारे एक लाख तीस हजार मैल रेल्वे होती. त्याचा विसावा भाग साडेसहा हजार मैल. त्याचं पहिलं रेल्वेचं कंत्राट १८३५ चं, म्हणजे पस्तीस वर्षांची कारकीर्द. भागाकार करून पाहा: रविवार, नाताळ, पाऊस, बर्फ, आजारपण सगळं धरून पस्तीस वर्षं रोज अर्धा मैल रेल्वे. १८४७ पर्यंत ब्रिटनमधली एकतृतीयांश रेल्वे त्याच्या हातून झाली होती, आणि फ्रान्समधली त्या काळातली सुमारे तीनचतुर्थांश.

सुरुवात मात्र साधीच होती. १८०५ साली चेशर परगण्यातल्या ब्युअर्टन गावी एका सुखवस्तू शेतकऱ्याच्या घरी जन्म. सोळाव्या वर्षी जमीन मोजणाऱ्या एका सर्व्हेअरकडे उमेदवारी. पुढे लिव्हरपूलसमोरच्या बर्कनहेडला वीटभट्टी आणि स्टोर्टनला दगडाची खाण. या खाणीच्या दगडापायी रेल्वे इंजिनिअर जॉर्ज स्टीफन्सनशी गाठ पडली आणि रेल्वेच्या कामात उतरण्याचा सल्ला मिळाला. पहिली निविदा भरली डटन इथल्या पुलासाठी, आणि ती हुकली. विल्यम मॅकेन्झी नावाच्या कंत्राटदाराची बोली पाच हजार पौंडांनी कमी होती. पुढच्याच निविदेत पेंकरिजचा पूल आणि त्याला जोडून दहा मैलांचा मार्ग मिळाला. ज्याने पहिलं काम हिसकावलं त्या मॅकेन्झीलाच ब्रॅसीने पुढे भागीदार करून घेतलं, आणि दोघे फ्रान्सला गेले.

पॅरिस ते रूआँ, ८२ मैल. रेल्वेच्या खोदकामात मुरलेली माणसं फ्रान्समध्ये पुरेशी नव्हती, म्हणून सुमारे पाच हजार मजूर ब्रिटनमधून बोटीने नेले. तेवढेच आणखी तिथे गोळा केले. इंग्रज, आयरिश, वेल्श, फ्रेंच, जर्मन, डच, स्पॅनिश, पोलिश... कामावर अकरा भाषा बोलल्या जायच्या. मुकादम फावड्याकडे बोट दाखवून, हातवारे करून आणि मोडक्यातोडक्या शब्दांनी काम भागवायचे, आणि त्यातून एक धेडगुजरी बोलीच तयार झाली. खुद्द ब्रॅसीला फ्रेंच येत नव्हतं. ते त्याच्या बायकोला, मारियाला, यायचं. १८४३ च्या मे महिन्यात हा मार्ग सुरू झाला.

या सगळ्या आकड्यांच्या तळाशी एक माणूस आणि एक फावडं आहे. इंग्लंडमध्ये या मजुरांना ‘नॅव्ही’ म्हणत. मुरलेल्या नॅव्हीचा दिवस असा असे: एका वॅगनला दोन माणसं, वॅगनमध्ये सव्वादोन घनयार्ड माती, आणि दिवसात चौदा खेपा. म्हणजे माणशी सात वॅगन, जवळजवळ वीस टन माती, आणि ती फावड्याने सहा फूट वर, डोक्यावरून उचलून टाकायची. आजचे दहा टनी दोन ट्रक एका माणसाने रोज, फक्त हातांनी भरायचे. शेतमजुराला या तयारीचं व्हायला वर्षभर लागे. रोजचा आहार किलोभर मांस आणि चार-साडेचार लिटर बिअर असा सांगतात. तो आकडा ऐकून आपण हसतो, पण वीस टनांचा आकडा शेजारी ठेवला की हसू ओसरतं.

आपल्याकडे कंत्राटदाराचं नाव वर्तमानपत्रात येतं ते पूल पडल्यावर. ब्रॅसीचाही पडला. रूआँहून पुढे ल हाव्रला जाणाऱ्या मार्गावर बारेंताँ इथे २७ कमानींचा, शंभर फूट उंच पूल बांधून झाला होता. १० जानेवारी १८४६ ला तो अख्खा कोसळला. करारात जवळपासचाच चुना वापरण्याची अट होती. त्या चुन्याबद्दल ब्रॅसीने आधीच कुरकुर केली होती. त्यात धो धो पाऊस पडला. वकील लावला असता तर वाद घालायला भरपूर जागा होती. त्याने तो घातला नाही. स्वतःच्या आणि भागीदाराच्या खिशातून सुमारे तीस हजार पौंड घालून, चांगला चुना आणून, सहा महिन्यांच्या आत तोच पूल पुन्हा उभा केला. त्यावरून आजही गाड्या जातात. हा केवळ सज्जनपणा होता असं मला वाटत नाही. ज्याच्याकडे कचेरी नाही त्याचं भांडवल म्हणजे त्याचा शब्द, आणि तो किती किमतीचा आहे हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

कचेरी न ठेवता हे चालायचं कसं, याचं उत्तरही तिथेच आहे. ब्रॅसी काम तुकड्यांत वाटायचा. एक पूल एकाला, एक खोदाई दुसऱ्याला. पोटकंत्राटदाराला दर तो सांगायचा आणि त्यावर घासाघीस सहसा होत नसे, कारण पुढचं सगळ्यांना माहीत असे: दर मातीचा ठरलेला आणि आत खडक लागला, तर ब्रॅसी पायी फिरत तिथे येणार, खोदकाम डोळ्यांनी पाहणार आणि जागच्या जागी दर वाढवून देणार. त्याखालच्या टोळ्या दहा-बारा जणांच्या. त्या आपली कमाई आपसांत सारखी वाटून घेत. त्यामुळे ऐंशी हजार माणसांवर नजर ठेवण्याचं काम ब्रॅसीला कधी करावंच लागलं नाही. तो थोड्या माणसांना ओळखायचा आणि ती माणसं उरलेल्यांना. हे सारं फार गोड वाटतं, आणि त्याचं जुनं चरित्र १८७२ साली स्नेहभावाने लिहिलेलं आहे हेही विसरू नये. दरडीखाली गेलेल्या नॅव्हींची नावं त्यात शोधून सापडत नाहीत.

पुढची यादी लांबलचक आहे; भराभर पाहू. लंडनच्या किंग्ज क्रॉसहून पीटरबरोकडे जाताना दलदल लागली. भराव गिळणारी ती जमीन काटक्याकुटक्यांचे आणि पीटचे थर तराफ्यासारखे पसरून ओलांडली. क्रिमियाच्या युद्धात थंडीने आणि उपासमारीने सैन्य मरू लागलं तेव्हा १८५५ साली बालाक्लाव्हा बंदरापासून आघाडीकडे सात मैल रेल्वे सात आठवड्यांत घातली, तीही नफा न घेता. कॅनडात ५३९ मैलांचा ग्रँड ट्रंक मार्ग आणि माँट्रियलचा पावणेदोन मैलांचा व्हिक्टोरिया पूल. पुलाचे सुटे भाग बर्कनहेडच्या कारखान्यात भोकं पाडून, खुणा करून, बोटीने अटलांटिकपार पाठवले. अर्जेंटिनात रोसारिओ ते कोर्दोबा २४७ मैल. लंडनच्या गटारांपैकी एक मोठी गटारवाहिनी. १८६६ साली अटलांटिकच्या तळाशी तारेची दोरी टाकणारं ‘ग्रेट ईस्टर्न’ हे महाकाय जहाज, त्यातही त्याचा पैसा होता.

त्याच १८६६ ने त्याला जवळपास बुडवलं. १० मे रोजी लंडनची ओव्हरेंड गर्नी ही पेढी बसली आणि तिच्याबरोबर त्याचा क्रिमिया-कॅनडातला भागीदार सॅम्युएल पीटो बसला. त्याच सुमारास ऑस्ट्रिया आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटलं, आणि ऑस्ट्रियाच्या पूर्व टोकाला ब्रॅसीचे मजूर लेंबर्ग ते चेर्नोवित्झ मार्ग बांधत पगाराची वाट पाहत होते. पैसे घेऊन निघालेला ओफेनहाइम नावाचा अधिकारी क्राकोमध्ये अडकला, कारण पुढे लढाई होती. त्याने शेडमधलं एक जुनं इंजिन शोधलं, चालकाला तयार केलं आणि पहारेकऱ्यांच्या मधून भरधाव इंजिन हाणत मजुरी पोचवली. हे ऐकून ऑस्ट्रियाच्या बादशहाने हा ब्रॅसी आहे तरी कोण म्हणून चौकशी केली आणि त्याला आयर्न क्राउन हा किताब दिला. ब्रॅसी तगला, पण त्या वर्षाने त्याची प्रकृती खचवली.

हिंदुस्थानातही त्याची कामं होती, पण आपल्या बाजूला नव्हे. कलकत्त्याहून कुष्टियाकडे जाणारी ११२ मैलांची ईस्टर्न बेंगॉल रेल्वे, दिल्ली ते अमृतसर ३०४ मैल, आणि बंगालमधली १४७ मैलांची कॉर्ड लाइन. इथे एक मती गुंग करणारा आकडा भेटतो. इंग्लंडमध्ये नॅव्हीची रोजी आपल्या पैशात दीड रुपयाच्या आसपास पडे. इथल्या मजुराला साडेचार ते सहा पेन्स मिळत, म्हणजे तीन ते चार आणे. मजुरी सहा-आठपट स्वस्त. तरी मैलामागे रेल्वेचा खर्च दोन्हीकडे जवळपास सारखाच! ब्रॅसीच्या मुलाने, तोही थॉमसच, वडिलांच्या हिशेबांवरून १८७२ साली ‘वर्क अँड वेजेस’ हे पुस्तक लिहिलं आणि त्यातून निष्कर्ष काढला की स्वस्त मजूर स्वस्त पडत नाही. जो पोटभर खातो तोच वीस टन उचलतो.

यातला अर्धा भाग मला पटतो. चार आण्यांत बायकामुलांसह घमेली वाहणाऱ्या माणसाकडून वीस टनांची अपेक्षा कोण करणार? पण उरलेला अर्धा भाग पुस्तकाबाहेर आहे. रूळ, इंजिनं, साहेब इंजिनिअर आणि त्यांचे पगार विलायतेचे. शिवाय अशा कंपन्यांच्या भागधारकांना पाच टक्के परताव्याची हमी असे, आणि तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरून निघे. खर्च वाढला म्हणून लंडनमध्ये कोणाची झोप उडायचं कारण नव्हतं. १८८० च्या दशकात पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात गणेश व्यंकटेश जोशी यांनी अशा रेल्वेच्या आर्थिक परिणामांची चिकित्सा केली.

ब्रॅसी ८ डिसेंबर १८७० ला ससेक्समध्ये समुद्राकाठच्या सेंट लेनर्ड्स गावी वारला. शेवटच्या आजारात त्याला पाहायला इंजिनिअर आले तसे दिवसच्या दिवस पायी चालत नॅव्हीही आले. मुलं पार्लमेंटात गेली. धंदा कोणी पुढे चालवला नाही. कंपनीचं नाव मागे उरलं नाही, म्हणून ब्रनेल आणि स्टीफन्सन हे इंजिनिअर शाळेच्या पुस्तकात आहेत आणि त्यांच्यासारख्यांचे नकाशे जमिनीवर उतरवणारा ब्रॅसी नाही.

मागे राहिली ती इस्टेट, सुमारे ५२ लाख पौंड. नॅव्हीला जरा सढळपणे आठवड्याला एक पौंड मजुरी धरू. वर्षाचे आठवडे बावन्न. एवढी रक्कम मिळवायला एका नॅव्हीला, एक पैही खर्च न करता, बरोबर एक लाख वर्षं काम करावं लागलं असतं. पण ब्रॅसीच्या हातून आयुष्यभरात ७ कोटी ८० लाख पौंडांची कामं गेली आणि त्यांतून त्याने स्वतःकडे ठेवले सुमारे २५ लाख, म्हणजे शेकडा तीनच्या आसपास. आजचे कंत्राटदार ऐकून हसतील. बाकीचे २७ लाख साठवलेल्या पैशाच्या वाढीचे. त्या लाख वर्षांपैकी अठ्ठेचाळीस हजार वर्षांची कमाई पूल, बोगदे आणि भराव यांची होती. उरलेल्या बावन्न हजार वर्षांत कोणी फावडं उचललं नव्हतं.