कॅमेऱ्याची कंपनी बदलावी का?

लग्नसराई जवळ आली की फोटो स्टुडिओवाले बांधव विचारतात, "कॅमेऱ्याची कंपनी बदलू का?" आमचा धंदा कापडाचा, पण हिशेब तोच. धोट्याचा माग काढून रेपियर बसवला की जुने धोटे भंगारात. कॅमेऱ्यात बरेचसे भांडवल लेन्समध्ये अडकते आणि एका कंपनीची लेन्स दुसरीच्या कॅमेऱ्यावर सरळ बसत नाही. कॅननने १९८७ मध्ये माउंट बदलला, तेव्हा तिच्याच जुन्या लेन्स नव्या कॅमेऱ्यांवर बसेनात. २०१८ मध्ये कॅनन व निकॉनने मिररलेससाठी नवे माउंट आणले. तिथे मात्र अडॅप्टर लावून त्याच कंपनीच्या बऱ्याच जुन्या लेन्स चालतात. म्हणून जुना माल कितीला जाईल, लेन्स-फ्लॅश-बॅटऱ्यांसह नवा कितीला पडेल, हे आधी वहीत मांडा. त्यातून काम वाढणार असेल तरच बदला. हौसेखातर व्याजाचे कर्ज नको. त्यात बरकत नाही.