विश्लेषण : रीलच्या जमान्यात ४५ मिनिटांचे ‘आत्मचरित्र’! स्टीव्ह हॅकेट यांचा अल्बम वेगळा का?

गाणे काही सेकंदांत आवडले नाही, तर बोट लगेच पुढे सरकते. अशा काळात ब्रिटिश गिटारवादक स्टीव्ह हॅकेट यांनी १३ गाण्यांची सलग गोष्ट सांगितली. ‘द सर्कस अँड द नाइटव्हेल’ हा अल्बम १६ फेब्रुवारी २०२४ रोजी आला. त्याच्या चारच दिवस आधी त्यांनी ७४ वर्षे पूर्ण केली होती.

हॅकेट कोण?

१९७१ ते १९७७ या काळात ते ‘जेनेसिस’ बँडचे गिटारवादक होते. दोन्ही हातांची बोटे गिटारच्या पट्टीवर आपटून वेगवान सूर काढण्याचे ‘टॅपिंग’ तंत्र त्यांनी १९७१ मध्येच ध्वनिमुद्रणात वापरले. एडी व्हॅन हेलन यांच्यामुळे ते जगभर पोहोचले १९७८ नंतर.

प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे काय?

रॉकचा नेहमीचा ठेका चार मात्रांचा. प्रोग रॉकमध्ये सात किंवा नऊ मात्रांचे हिशेबही येतात. आपल्या रूपक तालातही सातच मात्रा असतात. गाणीही लांबलचक. जेनेसिसचे १९७२ मधील ‘सपर्स रेडी’ सुमारे २३ मिनिटांचे आहे.

ही गोष्ट कोणाची?

नायकाचे नाव ट्रॅव्हला, पण त्याच्या आयुष्यात हॅकेट यांचेच आयुष्य डोकावते. १९५० मध्ये जन्मलेले हॅकेट धुरकट लंडनमध्ये वाढले. डिसेंबर १९५२ मध्ये याच शहराला धुरक्याने पाच दिवस वेढले आणि हजारो माणसे दगावली. गोष्ट सुरू होते ती याच धुरात. पुढे सर्कशीची झगमग, व्हेल माशाच्या पोटातला अंधार आणि अखेर प्रेम.

जुनी पुण्याई पुरेशी नव्हती का?

जेनेसिसची जुनी गाणी ऐकायला आजही त्यांच्या मैफलींना गर्दी होते. केवळ त्यावरही निभावले असते. तरीही त्यांनी नवी गोष्ट रचली. त्यात भाऊ जॉन यांची बासरी आहे, अझरबैजानी ‘तार’ हे तंतुवाद्यही आहे. शेवटच्या गाण्यात मात्र शब्द नाहीत, ड्रम नाहीत. उरते ती फक्त नायलॉनच्या तारांची गिटार.

कसे ऐकावे?

काही गाणी जेमतेम दोन-तीन मिनिटांची आहेत, पण सुटी ऐकली तर धागा तुटतो. म्हणून हेडफोन लावा, शफल बंद करा आणि पहिल्या गाण्यापासून सुरुवात करा.