स्टार्टर मारण्याआधीची एक चक्कर

तत्त्वज्ञानाचा निवृत्त मास्तर नाचणगावात जेसीबीवर बोलणार म्हटल्यावर काहींना हसू आलं असेल. साहजिक आहे. पण मुद्दा आमच्याच विषयातला आहे.

रोज सकाळी मशीन का तपासत नाहीस, असं ऑपरेटरला विचारा. तो म्हणेल, “सर, काल तं चांगली होती ना!” न्यायदर्शनाच्या भाषेत हे अनुमान झालं. धुरावरून अग्नी ओळखतात तसं. फरक एवढाच, की इथे आपण कालच्या धुरावरून आजचा अग्नी ठरवतो.

रात्रीत पुष्कळ बदलतं. थेंबथेंब गळणारं तेल सकाळी मशीनखाली डाग होऊन दिसतं. इंजिनातलं तेल रात्रभरात खाली उतरलेलं असतं, म्हणून सपाट जागी, इंजिन थंड असताना कांडी काढून बघायची. रेडिएटरचं झाकणही थंड असतानाच उघडायचं. हायड्रॉलिकच्या पाइपाला गळती वाटली तर मात्र हाताने चाचपू नका, पुठ्ठा धरा. दाबाखालचं तेल सुईसारखं कातडीत शिरतं. जखम टाचणीएवढी दिसते आणि माणूस हळद लावून घरी जातो! तसं करू नका. लगेच सेवाग्राम किंवा सावंगीचं रुग्णालय गाठा. उशीर झाला तर बोट, कधी हातही जातो.

टायर, नट, पिना, ब्रेक, बेल्ट, रिव्हर्स हॉर्न हे तुम्हाला माहीत आहेच. पण वाकून खाली बघता का? आपल्याकडच्या उन्हात मशीनची सावली हीच मजुराची झोपायची जागा असते.

अनुभवी माणसाला हे कशाला, असं वाटतं ना? 30 ऑक्टोबर 1935 ला अमेरिकेत बोइंगचं नवं विमान उडालं आणि लगेच कोसळलं. चालवणारे कसलेले वैमानिक होते. जमिनीवर असताना लावलेला एक खटका काढायचा राहून गेला होता, बस. त्यानंतर वैमानिकांच्या हाती तपासणीची यादी आली. शस्त्रक्रियेच्या खोलीत अशी यादी नेण्यात पुढाकार घेणारे अतुल गावंडे, त्यांचे वडील आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या उटीचे.

आता वहीबद्दल. वहीतली खूण म्हणजे शब्दप्रमाण. दुसऱ्या पाळीचा माणूस तिच्यावर विसंबून स्टार्टर मारतो. मी एका कामावरची वही चाळली होती. सोमवारीच शनिवारपर्यंतच्या सह्या! त्या बुधवारी पावसामुळे काम बंद होतं, मशीनजवळ कुणी फिरकलंही नव्हतं. वहीत मात्र ब्रेक ठीक, हॉर्न ठीक.