एक प्रत घराबाहेर

बँकेत जाऊन पासबुक भरून घेणारी माणसे अजूनही आहेत. यंत्र करकर आवाज करीत पान बाहेर ढकलते, आपण शेवटचा आकडा पाहतो आणि निर्धास्त होऊन घरी येतो. पण तो आकडा खरा कोठे असतो? पासबुकात नव्हे; ती नुसती नक्कल. शाखेतही नव्हे. तो असतो दूर कुठल्याशा इमारतीत, थंडगार दालनात, संगणकांच्या कपाटांत. ठाणे-बेलापूर रस्त्यावर, जेथे रसायनांचे कारखाने होते, त्या पट्ट्यात आता अशा इमारती एकापाठोपाठ उभ्या राहत आहेत.

माहिती साठवण्याच्या या धंद्याची सुरुवात मोठी गमतीची आहे. 1956 साली आयबीएमने कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे तयार केलेले पहिले चकतीयंत्र बाजारात आणले. दोन फूट व्यासाच्या पन्नास चकत्या, वजन टनभर आणि साठवण पन्नास लाख अक्षरांची! आज मोबाइलवर काढलेला नातवाचा एक फोटोदेखील त्यात मावेल की नाही, शंकाच आहे. पुढे चकत्या लहान आणि स्वस्त होत गेल्या. 1988 मध्ये बर्कली विद्यापीठातील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी सुचवले, की एक महागडी चकती घेण्यापेक्षा अनेक स्वस्त चकत्या एकत्र जोडाव्यात. माहिती अशी वाटून ठेवायची, की एखादी चकती दगावली तर उरलेल्यांवरून तिचा मजकूर पुन्हा तयार करता येईल. ही युक्ती सगळ्या जगाने उचलली. मग चकत्यांची जागा हळूहळू फिरते भाग नसलेल्या फ्लॅश चिपा घेऊ लागल्या.

पण चकती दगावणे निराळे आणि घरच पेटणे निराळे.

26 सप्टेंबर 2025 रोजी दक्षिण कोरियातील देजॉन शहरात सरकारी माहिती केंद्राला आग लागली. निमित्त झाले लिथियम बॅटऱ्या हलवण्याच्या कामाचे. सरकारी नोकरांनी आपली कागदपत्रे जेथे ठेवायची, ते ‘जी-ड्राइव्ह’ नावाचे भांडार या आगीत खाक झाले. त्यात 858 टेराबाइट माहिती होती आणि तिची दुसरी प्रत कोठेही नव्हती. भांडार फार मोठे, म्हणून बाहेर प्रत ठेवली नव्हती, असा खुलासा झाला. एवढा प्रगत देश, आणि खुलासा हा! मग कर्मचारी आपापल्या संगणकात, जुन्या ईमेलमध्ये, छापील कागदांत वर्षांचे काम शोधत बसले.

आपल्याकडे 2 मार्च 2024 च्या शनिवारी शेअर बाजार चालू होता, हे काही वाचकांना आठवत असेल. त्या दिवशीचे दुसरे सत्र नेहमीच्या नव्हे, तर संकटकाळासाठी राखून ठेवलेल्या केंद्रातून चालवून पाहिले गेले. राष्ट्रीय शेअर बाजाराचे हे केंद्र चेन्नईला आहे. 26 जुलै 2005 चा पाऊस ज्यांनी पाहिला, त्यांना दुसरी प्रत मुंबईतच का ठेवीत नाहीत, हे समजावून सांगायला नको.

दूरची प्रतही पुरत नाही, हा अलीकडचा धडा. दोन्ही ठिकाणे तारेने जोडलेली असली, की इकडची चूक क्षणात तिकडे पोचते. खंडणीखोर प्रोग्रॅम तर आधी राखीव प्रतीच शोधून कुलूपबंद करतात. 2011 च्या फेब्रुवारीत गूगलच्या जीमेलमधून हजारो लोकांची पत्रे नाहीशी झाली. सॉफ्टवेअरमधील एका दोषाने निरनिराळ्या ठिकाणच्या अनेक प्रती एकदमच पुसल्या. पत्रे परत आली ती कशावरून, ठाऊक आहे? चुंबकीय फितीवरून!

होय, तीच फीत. कॅसेटची थोरली बहीण. तिचे दिवस भरल्याचे भाकीत किती वेळा झाले, त्याला गणती नाही. 2000 साली एलटीओ जातीच्या पहिल्या फितीवर 100 गिगाबाइट मावत. 2021 च्या नवव्या पिढीत 18 टेराबाइट मावू लागले, म्हणजे 180 पट. तळहाताएवढ्या डबीत किलोमीटरभर फीत असते. कपाटात पडून असताना ती वीज खात नाही, आणि यंत्रातून काढून ठेवली, की जगातला कोणताही चोर तारेवरून तिच्यापर्यंत पोचू शकत नाही. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञसुद्धा आपली अफाट माहिती फितीवरच जपून ठेवतात. हवा तो तुकडा शोधायला फीत गुंडाळत जावे लागते, हा तिचा दोष. पण अडीनडीच्या वेळी मिनिटभर थांबायला हरकत कोणाची?

खरी अडचण वेगळीच आहे. फीत तीस वर्षे टिकते, असे बनवणारे सांगतात. पण तिला वाचणारे यंत्र तितके टिकत नाही. एलटीओच्या आठव्या पिढीचे यंत्र सातवीची फीत वाचते, सहावीची नाही. त्यामुळे मोठ्या संस्थांना काही वर्षांनी जुन्या फितींवरचा सगळा मजकूर नव्यांवर उतरवून घ्यावा लागतो. हे काम खर्चिक आणि कंटाळवाणे, म्हणूनच लांबणीवर पडणारे.

आमच्या कपाटात आजीच्या आवाजातली ओव्यांची एक कॅसेट आहे. फीत शाबूत आहे. पेन्सिल घालून मी ती अधूनमधून फिरवूनही ठेवतो. कॅसेट वाजवणारे यंत्र मात्र घर रंगवायला काढले तेव्हा भंगारवाल्याला देऊन टाकले.