विसाव्या लेव्हलला नुसते आकडे नकोत! टेबलटॉप गेममधली मोठी ताकद कशी डिझाइन करायची?

आमचा रविवारचा ग्रुप जवळपास दोन वर्षं 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'ची एकच कथा खेळत होता. अखेर सगळ्यांची पात्रं विसाव्या, म्हणजे शेवटच्या लेव्हलला पोहोचली. मंक खेळणाऱ्या मित्राने उत्साहाने पुस्तक उघडलं आणि त्याचा चेहराच पडला. २०१४ च्या नियमांत मंकचं शेवटचं बक्षीस काय? लढाई सुरू होताना त्याचे 'की' पॉइंट पूर्ण संपले असतील, तर ४ परत मिळणार. त्या लेव्हलला एकूण पॉइंट असतात २०. "दोन वर्षं खेळलो ते यासाठी?" असं तो म्हणाला.

त्याचं चुकलं नव्हतं. गडबड डिझाइनमध्ये होती. कशी ते बघूया.

आधी थोडी ओळख

१९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा गेम आला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येकाचं एक पात्र असतं, डन्जन मास्टर म्हणजे डीएम कथा पुढे नेतो आणि काम जमलं की नाही ते फासे ठरवतात. अनुभव वाढला की लेव्हल वाढते आणि नवीन ताकद मिळते.

आकड्यांचा सापळा

पहिल्या लेव्हलचा फायटर तलवारीच्या एका फटक्यात साधारण ७-८ डॅमेज देतो. गॉब्लिनचे हिट पॉइंट ७. म्हणजे एका फटक्यात काम तमाम.

विसाव्या लेव्हलला तोच फायटर एका टर्नमध्ये चार फटके मारतो. हातात चांगली जादुई तलवार असेल आणि चारही फटके लागले, तर साधारण ५० डॅमेज. पण आता समोर आहे एन्शंट रेड ड्रॅगन, २०१४ च्या नियमांत हिट पॉइंट ५४६! एकट्याने मारायचा तर अकरा टर्न लागतील. आपला आकडा वाढला, समोरच्याचा त्याहून जास्त वाढला. पगार वाढला आणि घरभाडंही वाढलं, तसंच हे.

वेग नको, परवानगी हवी

सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगतो. सर्व्हर दुप्पट फास्ट केला तर चार दिवसांत त्याची सवय होते. पण अ‍ॅडमिन अ‍ॅक्सेस मिळाला, तर कालपर्यंत 'परवानगी नाही' म्हणणारं बटण आज चालतं. मोठ्या लेव्हलची ताकद अशी हवी. जुनं काम थोडं जोरात नको, एखादी अडचणच कायमची संपली पाहिजे.

याचं उत्तम उदाहरण म्हणजे रोग हा क्लास (आजार नव्हे, चोर!). २०१४ च्या नियमांत ११ व्या लेव्हलला त्याला 'रिलायबल टॅलेंट' मिळायचं. ज्या कामात तो तरबेज आहे, तिथे फाशावर ९ किंवा कमी पडले तरी १० धरायचे. समजा त्याचा बोनस +१३ आहे आणि अवघड कामाला २० लागतात. आधी ३० टक्के वेळा तो फसायचा, आता कधीच नाही. फासा टाकायच्या आधीच खेळाडूला माहीत असतं की हे जमणार. मग तो प्लॅनच वेगळे करायला लागतो.

२०१९ च्या 'पाथफाइंडर'च्या दुसऱ्या आवृत्तीतलं 'कॅट फॉल' बघा. कौशल्य लेजंडरी झालं की कितीही उंचीवरून पडा, शून्य डॅमेज. आता कडा हा अडथळा उरत नाही, तो रस्ता होतो.

पण किंमत ठेवा

याची दुसरी बाजूही आहे. विझार्डला १३ व्या लेव्हलला 'टेलिपोर्ट' मिळालं की डीएमने रंगवलेला जंगलातला प्रवास वाया जातो. सगळ्याच अडचणी संपल्या तर खेळ कसला? म्हणून मोठ्या ताकदीला मोठी किंमत लावतात. 'विश'ने जवळपास काहीही मागता येतं, पण दुसऱ्या मंत्राची नक्कल सोडून वेगळं काही मागितलं, तर ३३ टक्के शक्यता असते की ते पुन्हा कधीच वापरता येणार नाही. त्यामुळे खेळाडू दहादा विचार करतो आणि टेबलावर शांतता पसरते.

स्वतःचा गेम बनवताना तीन प्रश्न विचारा:

१. ही ताकद मिळाल्यावर खेळाडू असं काय करेल, जे काल त्याला सुचलंही नसतं?
२. ती वापरायची वेळ खरंच येते का? (मंकचे पॉइंट आधी शून्य व्हायला हवेत, इथेच घोळ आहे.)
३. मिळाल्यावर ती वापरायला पुरेसा खेळ शिल्लक आहे का?

२०२४ च्या नियमांत मंकची ती ताकद सुधारून १५ व्या लेव्हलला आणली. आता ३ किंवा कमी पॉइंट उरले असले तरी लढाईच्या सुरुवातीला ते ४ होतात. विसाव्या लेव्हलला मात्र डेक्स्टेरिटी आणि विस्डममध्ये +४, म्हणजे पुन्हा आकडेच.

आमच्या डीएमने तेव्हा स्वतःच एक नियम लिहिला: दिवसातून एकदा, मंकला किंवा त्याच्या शेजारच्याला बसणारा एक फटका तो हाताने थोपवतो, फासा न टाकता. शेवटच्या लढाईत आमची क्लेरिक मरायला टेकली होती. मित्र काही न बोलता ड्रॅगनच्या पंजासमोर जाऊन उभा राहिला. त्या दिवशी किती डॅमेज झालं ते आज कुणालाच आठवत नाही, पण तो उभा राहिला हे सगळ्यांना आठवतं.